सुरकुतलेल्या लिथॉप्सला पाणी घालू नका: छोट्या आफ्रिकन सक्युलंट्सच्या बाबतीत या चुका टाळा

कुणी ना कुणी मला तोच फोटो पाठवतं. कुंडीत लिथॉप्स, म्हणजे पानांत पाणी साठवणारं, दगडासारखं दिसणारं छोटं झाड, बाहेरची जाड पानं सुरकुतलेली, मधल्या फटीतून नवी जोडी डोकावतेय. खाली प्रश्न असतो, "सुकत चाललंय, किती पाणी घालू?" थेंबभरसुद्धा नाही.

लिथॉप्सच्या एका डोक्याला साधारणपणे पानांची एकच जोडी असते. फूल येऊन गेलं की आत नवी जोडी वाढू लागते आणि ती जुन्या पानांतलं पाणी शोषून मोठी होते. जुनी पानं आक्रसून कागदासारखी होतात, ती तशी व्हायलाच हवीत. या दिवसांत पाणी मिळालं की जुनी पानं पुन्हा टरारतात आणि नवी जोडी मध्येच अडकून बसते.

माझं पहिलं लिथॉप्स लेस्लिई मी असंच घालवलं. सुरकुत्या बघवेनात म्हणून दर आठवड्याला "जरासंच" पाणी दिलं. महिन्याभरात चारही पानं टम्म फुगली आणि मी खूश झाले. मग एका सकाळी बोट लावलं तर बुड पिकलेल्या फळासारखं मऊ लागलं. उचलायला गेले तर वरचा भाग हातात आला, मुळं कुंडीतच राहिली. तेव्हापासून फूल कोमेजलं की मी त्या कुंडीत एक लाल काडी खोचते. काडी आहे तोवर पाणी बंद. जुनी पानं बोटांनी चुरता येतील इतकी वाळली, की काडी काढायची. ती पानं सोलायचीही नाहीत. काहींना हात लावल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी दुसरं एखादं झाड वाढवावं.

कोनोफायटम हे लिथॉप्सचंच छोटं भाऊबंद, त्याच्या बाबतीत गडबड होते ती ऋतूंची. त्यांच्या बऱ्याच जाती दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वालँड, रिख्टर्सवेल्ड या भागांतल्या, म्हणजे हिवाळी पावसाच्या. थंडीत वाढायचं आणि उन्हाळ्यात वाळक्या सालीच्या आत झोपायचं, हा त्यांचा क्रम. ती साल बघून लोक रोप फेकून देतात. एका ओळखीच्यांनी मला अख्खा ट्रे "मेलाय, कुंड्या तरी वापर" म्हणून दिला होता. मी तो सावलीत ठेवला आणि अधूनमधून हलका शिडकावा करत राहिले. रात्री गार व्हायला लागल्यावर नीट पाणी दिलं. काही दिवसांतच साली फाटल्या आणि आतून हिरवीगार डोकी वर आली. आणखी एक सांगते. दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांनी लिहिलेले महिने जसेच्या तसे पाळू नका. तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट. उत्तर गोलार्धात रुळलेलं रोप इथल्या थंडीप्रमाणे चालतं.

हॉवर्थिया या दुसऱ्या छोट्या आफ्रिकन सक्युलंटला थेट कडक ऊन नको, निसर्गात ती बहुतेक झुडपांच्या आडोशाला वाढते. लिथॉप्सला मात्र उजेड कमी पडला की ते लांबुळकं होतं आणि पुन्हा आखूड होत नाही, पुढची जोडी येईपर्यंत थांबावं लागतं. शेणखत, कोकोपीट नकोच. माझ्या मिश्रणात तीन भाग बारीक खडी किंवा प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड) आणि एक भाग माती असते. लिथॉप्सची मुळं खोल जातात, त्यामुळे उथळ बशीत लावू नका.

आता ज्या चुकीचा मला खरोखर राग येतो ती. घाई झालेल्या माणसाला मोठा, जुना गड्डाच हवा असतो, आणि तो बऱ्याचदा डोंगरातून उपटलेला निघतो. विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने 1811 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिस्काजवळ दगड समजून जे उचललं ते लिथॉप्स निघालं, इतकी ही झाडं बेमालूम लपतात. पण 2019 नंतर कोनोफायटमची चोरी भयंकर वाढली. काही जाती जगात एखाददुसऱ्या टेकडीवरच आहेत, तिथला एक पोतंभर माल गेला की ती जात संपण्याच्या बेतात येते. दक्षिण आफ्रिकेत परवान्याशिवाय ही झाडं उपटणं गुन्हा आहे. ओरखडे पडलेला, मुळं तोडलेला, वेडावाकडा जुना गड्डा कुणी विकत असेल आणि तो कुठे वाढवला हे सांगत नसेल, तर घेऊ नका.

बियांपासून वाढवा. लिथॉप्सला फूल यायला साधारण तीन वर्षं लागतात. पहिल्या वर्षी रोपं भाताच्या शितापेक्षा फारशी मोठी नसतात, आणि मोठ्या झाडाचा कोरडेपणाचा नियम त्यांना लावू नका, त्यांची माती पूर्ण वाळता कामा नये. पुढे बी धरायला दोन वेगवेगळी झाडं एकाच वेळी फुलावी लागतात, म्हणून प्रत्येक जातीची निदान चार-पाच रोपं ठेवा. बोंड वाळलं की बशीत ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडा. थोड्याच वेळात त्याच्या झडपा चांदणीसारख्या उघडतात आणि आत मोहरीहूनही बारीक बिया दिसतात.