नगरसेवकपदाची निवडणूक लढवताय? या चुका टाळा

चौकात फ्लेक्स लागलेला असतो, वाढदिवसाचे केक कापून झालेले असतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘भावी नगरसेवक’ म्हणून हार-तुरे चालू असतात. प्रभागाची मतदार यादी मात्र कोणी उघडूनही पाहिलेली नसते. नगरपरिषदेच्या आणि नगरपंचायतीच्या निवडणुकीत बरेच उमेदवार प्रचारात कमी पडतात त्यापेक्षा कागदात आणि गृहपाठात जास्त कमी पडतात. महाराष्ट्रात या निवडणुका १९६५च्या नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाखाली आणि राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशांनी होतात. खालच्या चुका त्याच चौकटीतल्या आहेत.

यादी निवडणूक जाहीर झाल्यावर हातात घेणं

नगरपरिषदेची स्वतःची अशी मतदार यादी नसते. आयोग एका ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांप्रमाणे फोडतो. २०२५च्या निवडणुकीला १ जुलै २०२५ची यादी वापरली गेली. त्या तारखेनंतर ज्यानं नाव नोंदवलं, त्याला मतदान करता आलं नाही, मग तुम्ही तहसील कार्यालयात कितीही फेऱ्या मारा. प्रभागनिहाय प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती एवढ्यासाठीच: नाव चुकीच्या प्रभागात गेलं आहे, विधानसभेच्या यादीत असलेलं नाव प्रभागात उतरलंच नाही, किंवा लेखनिकाची चूक आहे. नवं नाव घालणं किंवा असलेलं वगळणं या टप्प्यावर होत नाही.

गोंधळ होतो तो प्रभागाच्या हद्दीवर. रस्त्याची एक बाजू प्रभाग ४ मध्ये, दुसरी ५ मध्ये. यादी फोडताना अख्खी सोसायटी पलीकडे जाते. म्हणून हद्दीवरच्या गल्ल्या यादी हातात घेऊन पायी फिरायच्या, दारावरचा घर क्रमांक आणि यादीतला ताडून पाहायचा. दोन संध्याकाळी पुरतात. हरकतीची मुदत थोड्या दिवसांची असते, तेव्हा हे काम प्रारूप यादी आली त्याच आठवड्यात.

स्वतःचं नावही तपासा. उमेदवाराचं वय किमान २१ हवं आणि नाव त्या शहराच्या यादीत हवं. ते कुठल्याही प्रभागात असलं तरी चालतं. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा मतदार, मात्र ज्या प्रभागातून लढताय तिथलाच लागतो. शेजारचा जिवलग मित्र सूचक म्हणून सही करतो, त्याचं नाव पलीकडच्या प्रभागात निघतं आणि छाननीत अर्ज बाद. हे दर निवडणुकीत कुठे ना कुठे घडतंच.

अर्ज शेवटच्या दिवशी भरणं

अर्जासोबतची कागदपत्रं एका दिवसात जमत नाहीत. नगरपरिषदेची थकबाकी हा अपात्रतेचा मुद्दा होतो, आणि घर वडिलांच्या नावावर, गाळा भावाच्या नावावर, नळजोड जुन्या मालकाच्या नावावर असला की नेमकं आपल्याकडे काय थकलं आहे हेच कळत नाही. महिनाभर आधी घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं असं सगळं खातेवार काढून भरा आणि थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन ठेवा. निवडणूक लागली की त्या टेबलासमोर रांग असते.

नगरपरिषदेच्या ठेक्यात तुमचा किंवा तुमच्या भागीदाराचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तोही अडथळा आहे. ‘ठेका मेहुण्याच्या नावावर आहे’ हे उत्तर पैसे कोणाच्या खात्यात येतात यावर टिकतं किंवा कोसळतं. दोनपेक्षा जास्त अपत्यं नकोत ही अट सगळ्यांना माहीत असते. अनधिकृत बांधकामाची फारशी कोणाला नसते. नगरसेवकानं, त्याच्या जोडीदारानं किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यानं बेकायदा बांधकाम केलं असेल तर निवडून आल्यावरही पद जाऊ शकतं. गच्चीवरची ती पत्र्याची खोली आधी वकिलाला दाखवा.

शपथपत्रात एकही रकाना रिकामा सोडू नका. काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. दाखल गुन्हे आणि पत्नीच्या किंवा पतीच्या नावावरची मालमत्ता लपवण्याचा मोह टाळा, विरोधक सातबारा आणि कोर्टाच्या नोंदी ऑनलाइन काढतात.

आणखी एक बारीक गोष्ट. नगरपरिषदेत एका प्रभागात साधारणपणे दोन जागा असतात, अ आणि ब, आणि प्रत्येकीचं आरक्षण वेगळं. प्रभाग ५ ‘अ’ महिलेसाठी राखीव असताना पुरुष उमेदवाराच्या अर्जावर ‘अ’ पडलं, की पुढे सगळं बरोबर असूनही उपयोग नाही. अर्ज दाखल करण्यापूर्वी दुसऱ्या माणसानं तो मोठ्यानं वाचावा.

पक्षाच्या तिकिटावर लढणाऱ्यांचा घोळ एबी फॉर्मचा, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षानं लिहून दिलेल्या कागदाचा. तो अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी ३ वाजेपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचायला हवा, आणि सही शाईचीच हवी. झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो चालत नाही. एबी फॉर्म आलाच नाही तर अर्ज अपक्ष म्हणून धरायचा असतो, पण अपक्षाला जास्त सूचक लागतात. म्हणून जाणकार उमेदवार पक्षाचा एक अर्ज आणि पुरेशा सूचकांसह अपक्ष म्हणून दुसरा अर्ज, असे दोन्ही भरून ठेवतात.

अर्ज बाद झाला तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, पण मुदत मोजक्या दिवसांची. २०२५ मध्ये अशा अपिलांचे निकाल उशिरा लागल्यामुळे काही ठिकाणचं मतदान २ डिसेंबरऐवजी २० डिसेंबरला घ्यावं लागलं. वकील आणि कागदांचा संच छाननीच्या दिवशी तयार असावा.

‘काय हवं?’ असं विचारणं

प्रभागाचे प्रश्न गोळा करताना बहुतेक जण दारात उभं राहून विचारतात, ‘काका, आपल्या प्रभागात काय व्हायला हवं?’ उत्तरं ठरलेली: सभामंडप, कमान, हायमास्ट, ओपन जिम. माणूस डोळ्यांना दिसणारी वस्तू मागतो. रोजचा त्रास त्याच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की तो मागणी म्हणून सुचतच नाही.

त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात नगरपरिषदेच्या कोणत्या कामामुळे तुमचा खोळंबा झाला? कितीदा? मग उत्तर येतं, ‘घंटागाडी साडेअकराला येते, तेव्हा घरात कोणी नसतं.’ हा प्रश्न वेळापत्रक बदलून सुटतो, त्याला निधी लागत नाही. प्रभागात आठशे घरं असतील तर दर दहावं घर धरून ऐंशी घरं करा, ओळखीची नव्हे. निम्मी घरं पाणी येण्याच्या वेळी करा, कारण पाण्याचं खरं उत्तर नळाशी उभ्या असलेल्या बाईकडे असतं.

तक्रार मोजल्याशिवाय पुढे नेणं

‘पाण्याला प्रेशर नाही’ या वाक्यावर अभियंता काहीच करू शकत नाही. १५ लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. नळ सुटल्यावर बादली एका मिनिटात भरली आणि पाणी ४५ मिनिटं चाललं, तर घराला ६७५ लिटर मिळाले. पाच माणसांत माणशी १३५ लिटर, म्हणजे भुयारी गटार असलेल्या शहरासाठी धरला जाणारा दरडोई निकष बरोब्बर पूर्ण. तीच बादली भरायला तीन मिनिटं लागली तर घराला २२५, माणशी ४५. पाणी एक दिवसाआड येत असेल तर त्याच्याही निम्मे.

हे मोजमाप गल्लीच्या सुरुवातीच्या घरी, मधल्या आणि शेवटच्या टोकाच्या घरी, एकाच दिवशी करा. तिन्ही ठिकाणी कमी असेल तर टाकी पूर्ण भरत नाही किंवा व्हॉल्व्ह लवकर बंद होतो. सुरुवातीला भरपूर आणि टोकाला करंगळीएवढी धार असेल तर लाइनचा व्यास अपुरा, लाइनला गळती, नाहीतर मधल्या घरांनी नळाला थेट मोटारी लावलेल्या. मोटारींची शंका असेल तर पाणी सुटल्यावर वीज गेलेली असते तो दिवस गाठा. मोटारी बंद पडल्यावर टोकाची धार वाढली तर उत्तर मिळालं. व्हॉल्व्हमनशी बोला. कोणता व्हॉल्व्ह किती आटे उघडतो आणि किती वाजता, हे त्याला जेवढं ठाऊक असतं तेवढं कुठल्याच नकाशात नसतं.

आता निदान करून बघा. गळती असेल तर काम काही हजारांचं. व्यास अपुरा असेल तर लाइन बदलावी लागेल. टाकीच अपुरी असेल तर तो एका प्रभागाचा प्रश्नच नाही. तिन्हींवर ‘नवी पाणी योजना आणू’ हे एकच आश्वासन छापणाऱ्याचं पत्रक वाचून पाणीपुरवठा विभागातले लोक हसतात.

काम कोणाचं, हे न पाहता वचन देणं

गोळा झालेल्या तक्रारींची तीन गटांत विभागणी करा. पहिला, नगरपरिषद स्वतः करते ती कामं: पाणी, कचरा, गटारं, अंतर्गत रस्ते, दिवाबत्ती, बाजार, स्मशानभूमी. दुसरा, जिथे नगरपरिषद ठराव करून पाठपुरावा करू शकते: शहरातून जाणारा राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, विजेचे लोंबणारे तार महावितरणकडे. तिसरा, जिथे नगरसेवकाचा काही अधिकारच नाही. जाहीरनाम्यात पहिल्या गटातलं काम ‘करू’, दुसऱ्या गटातलं ‘पाठपुरावा करू’ असं लिहा. तिसऱ्याबद्दल गप्प राहा.

‘घरपट्टी माफ’ हे वचन सर्वांत महाग पडतं. दर चार वर्षांनी होणाऱ्या करमूल्यांकनावर हरकती असतात, चुकीची मोजमापं असतात, आणि तिथे नागरिकाला खरोखर मदत करता येते. माफी देणं मात्र एकट्या नगरसेवकाच्या हातात नाही. शिवाय पंपाचं वीजबिल त्याच तिजोरीतून जातं.

निधीचं लेबल वाचायलाही शिका. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१-२२ ते २०२५-२६, लहान शहरांना मिळणाऱ्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेशी बांधलेला होता. त्यातून कमान उभी राहत नाही. ज्या शीर्षाखाली पैसे येतात त्याच शीर्षाखाली बसणारं काम सुचवलं तर ठराव पुढे सरकतो.

रस्ता आधी, लाइन नंतर

मतदाराला रस्ता दिसतो, म्हणून उमेदवार रस्ता छापतो. काँक्रीट झाल्यावर सहा महिन्यांत पाण्याच्या लाइनसाठी तोच रस्ता फोडला जातो. क्रम उलटा हवा: आधी गटार, मग पाण्याची लाइन आणि घरोघरचे जोड, मग रस्ता. दुसरी गफलत उंचीची. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकत गेलं की रस्ता घरांच्या जोत्याच्या वर येतो आणि पावसाचं पाणी उंबरा ओलांडतं. प्रभागात फिरताना जोतं आणि रस्ता यांतली उंची टेपनं मोजून वहीत लिहा. जिथे ती वीतभरही उरलेली नाही, तिथे अंदाजपत्रकात खरवडाई धरायलाच लावा.

खर्च आणि मतदानाचा दिवस

२०२५च्या मर्यादेप्रमाणे ‘क’ वर्ग, म्हणजे लहान शहराच्या नगरपरिषदेत सदस्यपदाच्या उमेदवाराला अडीच लाख रुपये खर्च करता येत होता. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं लागतं, हिशेब रोजचा द्यावा लागतो, आणि चहा, मंडप, रिक्षा यांचे दर अधिकाऱ्यांच्या तक्त्यानं धरले जातात, तुमच्या ओळखीच्या मंडपवाल्याच्या दरानं नाही. मित्रानं फुकट दिलेली गाडीही मोजली जाते.

मतदाराला नगरपरिषदेत साधारण तीन मतं द्यायची असतात: अ जागा, ब जागा आणि नगराध्यक्ष. एक बटण दाबून मतदार निघायला लागतो, विशेषतः वयस्कर. पत्रकावर फक्त आपलं चिन्ह न छापता किती बटणं दाबायची तेही छापा आणि घरोघरी तोंडी सांगा.

निकालानंतर कागद विसरणं

खर्चाचा अंतिम हिशेब निकाल जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. हरलेल्यालाही आणि बिनविरोध आलेल्यालाही. न दिल्यास पुढची निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवलं जाऊ शकतं, आणि हरलेले उमेदवारच यात सर्वाधिक अडकतात, कारण त्यांचा कार्यकर्ता बिलांची पिशवी घेऊन केव्हाच घरी गेलेला असतो. राखीव जागेवर निवडून आलेल्यानं अर्जासोबत जात पडताळणीच्या अर्जाची पावती आणि हमीपत्र दिलं असेल, तर वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर करावं लागतं. २०२५ मध्ये ती मुदत सहा महिन्यांची होती. ती चुकली की निवड मागील तारखेपासून रद्द होते. समितीकडे दर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन विचारा, त्रुटीचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं नाही ना ते पाहा, आणि जे काही सादर कराल त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.