समन्स दारात आलं तर काय करायचं: एका रिटायर बेलिफाचं सांगणं

मी 29 वर्षं तालुक्याच्या कोर्टात बेलिफ होतो. आधी सायकल, मग लुना, शेवटी मोटारसायकल. माझी खाकी पिशवी दिसली की पारावरची माणसं पांगायची. आता तीच माणसं घरी कागद घेऊन येतात. "अण्णा, अटक होईल का हो?"

तर पहिली गोष्ट, समन्स आलं की घ्या. सही ही फक्त कागद मिळाल्याची असते, समोरच्याचं म्हणणं कबूल केल्याची नसते. एका वस्तीवर मी गेलो, तर बाई म्हणाली मालक परगावी गेलेत. आतून खोकल्याचा आवाज येत होता. मी हाक मारली, खोकला बंद झाला. बाईनेही सही नाकारली. मग दोन पंच बोलावले, दाराच्या चौकटीला खळ लावून नक्कल डकवली, किती वाजता, कोणासमोर, सगळं लिहिलं आणि अहवाल कोर्टात दिला. कोर्टाने बजावणी झाली असं धरलं, दावा एकतर्फा चालला. पुढे दरखास्तीतलं, म्हणजे निकाल अमलात आणायच्या अर्जातलं, ताबा वॉरंट घेऊन मीच त्या दारात गेलो. त्या दिवशी मालक घरी सापडले.

आणि बेलिफाला पैसे द्यायचे नसतात. भत्ता वादीने कोर्टात आधीच भरलेला असतो. चहा पाजलात तर गोष्ट वेगळी.

कागद हातात आला की वर डाव्या-उजव्या कोपऱ्यात नंबर बघा. आरसीएस असेल तर दिवाणी दावा: जमीन, वाटणी, बांध, उसने पैसे. त्यात तुम्ही प्रतिवादी, समोरचा वादी. समन्स आलं म्हणून इथे अटक होत नाही. पण 30 दिवसांत कैफियत, म्हणजे तुमचं लेखी म्हणणं द्यायचं असतं. कोर्ट कारण बघून 90 दिवसांपर्यंत मुदत वाढवतं. सोबत "निशाणी 5" असा अर्ज जोडलेला असेल तर त्याच दिवशी वकील गाठा. तो तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज. तुमचं म्हणणं वेळेत गेलं नाही तर "नो से", म्हणजे म्हणणं दिलं नाही असा शेरा, होऊन हुकूम होऊ शकतो आणि नांगर बांधावरच थांबतो.

आरसीसी किंवा एससीसी असेल तर फौजदारी. चेक न वटल्याचे, कलम 138 चे खटले आमच्याकडे एससीसीत यायचे. फौजदारीत तारखेला गेला नाहीत तर वॉरंट निघतं, आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलमांचे आकडे 1 जुलै 2024 पासून बदललेत. चारसो बीस म्हणून ज्याची भीती घालतात ते आता भारतीय न्याय संहितेत 318(4) आहे. गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर मात्र जुनंच कलम लागतं.

शेतरस्ता कोणी अडवला म्हणून थेट दिवाणी कोर्टात धावू नका. मामलेदार कोर्ट कायदा 1906 सालचा आहे, पण अजून जिवंत आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला तर त्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं, मात्र अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. माणसं आधी दोन वर्षं भावकीत बैठका घेतात आणि मग माझ्याकडे येतात. उलट, सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी ठरली असंही नाही. मालकीचा वाद दिवाणी कोर्टच मिटवतं.

आता कोर्टात गेल्यावर. तालुक्याला एकच साहेब सकाळी दिवाणी न्यायाधीश असतात आणि दुपारी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. खुर्ची तीच. खुनासारखे खटले मात्र सत्र न्यायालयात चालतात. साहेबांच्या खाली, तुमच्याकडे तोंड करून बसतो तो बेंच क्लार्क. फाइल त्याच्या हाताखालून वर जाते. बाजूला टायपिंग करणारे ते लघुलेखक. दारात नावाचा पुकारा करतो तो शिपाई. पुकाऱ्याच्या वेळी चहाच्या टपरीवर राहू नका, तारखेला येऊनही गैरहजर लागते. बाहेर टेबलावर नाझर, तो आम्हा बेलिफांचा वरिष्ठ. कोर्टात पैसे भरणं, जप्ती, ताबा, सगळं त्याच्याकडे.

सरकारी वकिलाबद्दल फार गैरसमज आहे. फिर्यादीला वाटतं, हा आपला वकील. तो शासनाचा. खटल्यावर नावच "महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक" असं असतं, फिर्यादी त्यात साक्षीदार. हवा तर स्वतःचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला लावता येतो. चेकच्या खटल्यात सरकारी वकील नसतोच, तक्रारदाराने आपला वकील आणायचा.

वकिलाचे पैसे नसतील तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस शोधा. बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे मी समन्स देताना सांगायचो, तेव्हा घरातले पुरुष माझ्याकडे रागाने बघायचे.

साक्षीला पिंजऱ्यात उभं राहिलात तर विचारलं तेवढंच बोला. उलटतपासात समोरचा वकील मुद्दाम मोठ्याने विचारतो. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी आहे, इंग्रजी येत नाही म्हणून बुजू नका.

बाहेर पडताना पुढची तारीख बेंच क्लार्कला विचारून वहीत लिहा. साहेब बोलत असताना मात्र त्याला हटकू नका, काम संपू द्या. केसचा 16 अक्षरी सीएनआर नंबर घेऊन ठेवलात तर ई-कोर्ट अॅपवर तारीख घरबसल्या दिसते. निकाल विरुद्ध गेला तर त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस असतात, त्यातून नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, पण अर्ज टाकल्यापासूनचे. घरी बसून हळहळण्यात गेलेले दिवस कोणी वजा करत नाही.