लांडग्यावर गावाची बैठक: हात वर करायला सांगण्याआधी

पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूरच्या माळावर लांडगा कोणी आणून सोडलेला नाही, तो इथलाच आहे. त्यामुळे ‘लांडगा हवा की नको’ या प्रश्नावर बैठक घेऊन काही साधत नाही. ‘मेंढरू गेलं तर किती पैसे, कोणाकडून, किती दिवसांत’ यावर घ्या. पहिल्या प्रश्नावर मतं मागितली की काय होतं, हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात दिसलं. बैठक चालवणाऱ्यानं ते प्रकरण आधी समजून घ्यावं.

तिथले लांडगे 1940च्या दशकापर्यंत मारून संपवले गेले होते. ते परत आणावेत का, यावर 3 नोव्हेंबर 2020 रोजी राज्यभर मतदान झालं. 50.91 टक्के लोक ‘हो’ म्हणाले; फरक सुमारे 57 हजार मतांचा. ‘हो’ची मोठी रास डेन्व्हर-बोल्डरच्या शहरी पट्ट्यातली, आणि लांडगे सोडायचे होते डोंगररांगेच्या पश्चिमेला, जिथल्या बहुतेक ग्रामीण भागानं ‘नाही’ म्हटलं होतं. डिसेंबर 2023 मध्ये ऑरेगनमधून आणलेले 10 लांडगे तिकडे सोडले गेले.

तिथल्या शिकाऱ्यांचा राग नुसता लांडग्यावर नव्हता. तिकडे परवाना काढून शिकार करता येते आणि वन्यजीव खात्याचा मोठा खर्च त्या परवान्यांच्या पैशातून चालतो. लांडगे आले की एल्क, म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतलं पण त्याहून मोठं हरीण, कमी होईल आणि परवानेही घटतील, अशी त्यांना भीती होती. दुसरं म्हणणं असं की जनावरांचे निर्णय जाणकारांनी घ्यावेत, मतपेटीनं नाही. तिसरं, वायोमिंगकडून लांडगे आपल्या पायानं येतच होते, मग आणायची घाई कशाला? सगळे शिकारी मात्र एका बाजूला नव्हते. लांडगा आजारी आणि अशक्त जनावर आधी उचलतो, त्यानं कळप निरोगी राहतो, असं म्हणणारे शिकारीही होते. पुढे 2021 च्या कायद्यात परवान्यांचे पैसे या कामाला वापरायचे नाहीत, असं लिहिलं गेलं. तक्रार नेमकी होती म्हणून तिला नेमकं उत्तर देता आलं. बैठकीत हेच साधायचं आहे.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. शिकाऱ्याच्या जागी इथे मेंढपाळ आहे. शहराच्या हौसेची किंमत आपल्या खिशातून जाते, असं वाटणारा माणूस तोच. त्याला खुर्चीवर बसवून पुण्याच्या पाहुण्यांचं भाषण ऐकवलंत तर पुढच्या वेळी तो येणार नाही.

बैठक दसऱ्यानंतर आणि दिवाळीच्या आधी घ्या. दिवाळीनंतर बरेच वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, कोकणाच्या वाटेला लागतात, आणि हिवाळ्यात लांडगीची पिल्लं जन्मतात. पिल्लं खायला लागली की कोकरांवरचे हल्ले वाढतात. वेळ रात्री आठनंतरची ठेवा, मेंढरं कोंडून झाल्यावर. जागा ग्रामपंचायतीचं सभागृह नको, वाडाच बरा. तिथे बायका बोलतात, आणि किती कोकरं गेली ते त्यांनाच नेमकं माहीत असतं, कारण दिवसभर कोकरं त्याच सांभाळतात.

आधीचे पंधरा दिवस वहीचं काम करा. प्रत्येक वाड्याचं एक पान. तारीख, वेळ, जागा, मेंढी की कोकरू, कोणी पाहिलं, पंचनामा झाला का, पैसे मिळाले का. शेजारच्या पानावर आंत्रविषार, पीपीआर, न्यूमोनिया अशा मेंढ्यांच्या रोगांनी मेलेली जनावरं लिहा. हे दुसरं पान लोकांना गप्प करायला वापरू नका. ते पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवायचं असतं, म्हणजे लसीकरणाची तारीख तिथल्या तिथे ठरते.

बैठकीचा निम्मा वेळ पंचनाम्याला द्या. राज्य सरकारच्या 2022च्या निर्णयानुसार मेंढी-शेळीला बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. हे आकडे फळ्यावर मांडा. 12 हजारांच्या मेंढीला 9 हजार. 22 हजारांच्या एडक्याचे 75 टक्के होतात साडेसोळा हजार, पण हातात पडतात 15 हजारच. 4 हजारांच्या कोकराला 3 हजार. खोटी आशा दाखवू नका.

मेंढी मेल्यापासून 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायचं असतं. वनरक्षकाचा नंबर लागला नाही तर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा आणि फोन केल्याची वेळ वहीत लिहा. मेलेलं जनावर जागचं हलवू नका. दावा बहुतेक वेळा इथेच फसतो. सकाळी वाडा पुढच्या गावाला हलतो, मेंढी सोलली जाते, आणि वनरक्षक येतो तेव्हा रिकामं शेत असतं. वाडा हलवणं टळत नसेल तर एक माणूस मागे ठेवा आणि जनावर ओल्या गोणपाटानं झाका. फोटो चार काढा: पूर्ण जनावर, मान, कानातला बिल्ला, आणि मागे विहीर किंवा झाड दिसेल असा जागेचा. आधार आणि पासबुकाच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घोड्यावरच्या सामानात कायम असू द्या. अर्ज ज्या हद्दीत घटना घडली तिथल्या वन कार्यालयात जातो, मेंढपाळाच्या गावाकडे नाही.

लांडगा की कुत्री, यावर वाद होतोच. लांडगा बहुधा मान-गळा धरतो आणि जनावर ओढून बाजूला नेऊन खातो. भटकी कुत्री मागचे पाय, कान, कुशी फाडतात, पाच-सहा मेंढ्या जखमी करतात आणि खातात थोडं. बिबट्याच्या पावलात नखं उमटत नाहीत. लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या उमटतात. एकट्या ठशावरून लांडगा-कुत्रा ठरवू नका, मागावर चालत जा. लांडग्याची चाल सरळ रेषेत जाते, कुत्रं भरकटतं. आणखी एक खूण जनावरांच्या डॉक्टरांना आवर्जून बघायला सांगा. गळ्यावरचं कातडं चिरून उलटलं की दाताच्या भोकाखाली काळंनिळं साकळलेलं रक्त दिसलं, तर मेंढी जिवंत असताना चावा बसला. आतलं मांस फिकं, कोरडं असेल तर मेंढी आधी मेली आणि नंतर कोणी तरी खाल्ली.

कोकरू अख्खं उचलून नेलं तर पंचनाम्याला काहीच उरत नाही. मेंढपाळांची सगळ्यात मोठी आणि खरी तक्रार हीच. अशा वेळी उजाडताच दोन-तीनशे पावलं माग काढा. लोकरीचे पुंजके, रक्ताचे थेंब, एखादा खूर सापडतो. फोटो काढून पंचांच्या सह्या घ्या. पैसे मिळतीलच असं नाही, पण नोंद राहते.

मग वाघूर, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. ती सैल असली की घाबरलेली मेंढरं तिला रेटतात, खुंटी उपटली जाते आणि कळप अंधारात फुटतो. फुटलेल्या कळपातून लांडग्याला हवं ते मिळतं. खुंट्या जवळ जवळ ठोका, खालची दोरी जमिनीला घट्ट टेकवा. कोकरांसाठी मधोमध दुसरा लहान कप्पा करा. तळ ओढ्याकाठी, उसाला किंवा वेड्या बाभळीला लागून टाकू नका. चहूबाजूंनी तीस-चाळीस पावलं मोकळी हवीत. सगळी कुत्री एका अंगाला बांधू नका. एक लांडगा कुत्र्यांना एकीकडे गुंतवतो आणि दुसरा पलीकडून आत येतो. सौर दिवा लावलात तर दर दोन-तीन रात्रींनी जागा बदला, नाहीतर लांडगा त्याला सरावतो. कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस द्या. हे रोग कुत्र्यांतून लांडग्यांत जातात. शिवाय पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे, तेव्हा गावातल्या मोकाट कुत्र्यांची नसबंदी हाही बैठकीचा विषय आहे.

विषाचं बोलणं निघेल. निघू द्या, दडपू नका. एका मेलेल्या मेंढीवर औषध टाकलं तर लांडग्यांचं अख्खं कुटुंब जातं, आणि वाड्यावरची राखणीची कुत्रीही. लांडगा वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. मारला तर 3 ते 7 वर्षं कैद. हे शेवटी सांगा, पंचनाम्याची माहिती देऊन झाल्यावर. आधी सांगितलं तर ती धमकी वाटते.

शहरातून कॅमेरे घेऊन येणाऱ्यांसाठीही नियम करा: गुहेची जागा कोणाला सांगायची नाही, गवतात गाडी घालायची नाही. माणसांचा वावर वाढला की मादी पिल्लं तोंडात धरून एकेक करून हलवते, आणि त्या धावपळीत पिल्लं दगावतात. माळाला पडीक समजून झाडं लावायला जेसीबीनं खड्डे घेणं त्याहून वाईट. त्यात गवतही जातं आणि गुहाही.

ठराव एका पानाचा पुरे. फोन कोण करणार, पंच कोण, कुत्र्यांना लस कोणत्या तारखेला, आणि नोव्हेंबर ते मार्च माळावर जेसीबी नाही. नावं आणि तारखा नसलेला ठराव लिहू नका. पंधरा दिवसांनी वही घेऊन पुन्हा त्याच वाड्यावर जा, आणि एवढ्यात मेंढरू गेलं असेल तर फोन लागला का, माणूस किती तासांनी आला, हे वाड्यावरच्या बायकांना विचारून त्याच पानावर लिहा.