युरोपात राहणाऱ्या अमेरिकनांच्या कादंबऱ्या कशा वाचाव्यात

युरोपात स्थायिक झालेल्या हेन्री जेम्स या अमेरिकन कादंबरीकाराची कादंबरी हाती घेणारा वाचक बहुधा पहिल्या पन्नास पानांतच कंटाळतो, कारण तो काहीतरी घडण्याची वाट पाहत बसतो. या कादंबऱ्यांत घटना थोड्या असतात. कोणी कोणता अलिखित नियम मोडला आणि तो कोणाला खटकला, एवढेच वहीत टिपत गेले तरी वाट सापडते. सुरुवात १८७८ सालच्या ‘डेझी मिलर’ या लघुकादंबरीने करावी; ती छोटी आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य मिळते.

त्यातला रोमच्या पिंचो बागेतला प्रसंग सावकाश वाचावा. डेझी ही अमेरिकन तरुणी दोन तरुणांच्या मधून चालली आहे, त्यांतला एक इटालियन. तेवढ्यात मिसेस वॉकर बग्गी घेऊन येतात आणि तिने आत बसावे म्हणून हट्ट धरतात. संध्याकाळी आपल्या कोल्हापुरात रंकाळ्यावर फेरी मारणाऱ्यांना तिथल्या नजरा वेगळ्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत. मात्र एक गोष्ट सहज निसटते : डेझीला पुढे वाळीत टाकणाऱ्या मिसेस वॉकर स्वतः अमेरिकनच आहेत, आणि तिच्याशी ओळखही नको म्हणणाऱ्या मिसेस कॉस्टेलोसुद्धा. युरोपात मुरलेले अमेरिकनच तिथल्या रीतीभातींचे सर्वांत कडक राखणदार होतात. भोळी अमेरिका आणि धूर्त युरोप ही ठरावीक मांडणी मला म्हणूनच अपुरी वाटते.

‘द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’ (१८८१) वाचताना हाच धागा धरावा. नायिका इझाबेल आर्चरला जाळ्यात ओढणारे गिल्बर्ट ऑस्मंड आणि मॅडम मर्ल हे दोघेही जन्माने अमेरिकन आहेत. ऑस्मंडचे घर फ्लॉरेन्सजवळच्या टेकडीवर आहे, आणि याच फ्लॉरेन्समध्ये कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० साली युरोपातून परतताना निवर्तले. त्यांची प्रवासाची रोजनिशी १८७२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. ती मिळाली तर कादंबरीशेजारी ठेवून वाचावी. त्याच काळातले युरोप पाहणारी, पण अमेरिकन नसलेली नजर आपल्याच गावची आहे, ही सोय इतर वाचकांना नाही.

हेमिंग्वेच्या ‘द सन ऑल्सो रायझेस’मध्ये (१९२६) मात्र न्यायनिवाडा खुद्द स्थानिक माणूस करतो. स्पेनमधल्या पाम्प्लोनाचा हॉटेलमालक मोंटोया बैलझुंजीचे वेड ओळखून अमेरिकन निवेदक जेकला आपला मानतो; पण तरुण मातादोर (बैलाशी झुंजणारा) रोमेरो जेकच्या मंडळींत, त्यांतल्या ब्रेट या बाईशेजारी, दारू पिताना दिसल्यावर तो साधी मानही हलवत नाही, आणि हॉटेल सोडताना बिल मोलकरीण आणून देते. हे दोन उल्लेख ओझरते आहेत, म्हणून त्यांवर पेन्सिलीने खूण करावी.

जेम्सचीच ‘द अ‍ॅम्बॅसडर्स’ (१९०३) शेवटी घ्यावी. तिची वाक्ये फार लांब आहेत, पण ती मुळात मासिकातून बारा हप्त्यांत आली होती, तेव्हा वाचनकट्ट्याने महिन्याला एकच भाग घ्यावा आणि अडलेली वाक्ये मोठ्याने वाचावीत.