सहलीचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर रोजचा आकडा ठरवा

सहलीचं बजेट विमानाच्या तिकिटामुळे सहसा कोलमडत नाही. तिकीट, हॉटेल, व्हिसा यांचे आकडे आधीच कळतात आणि परवडत नसेल तर आपण बेतच बदलतो. घात होतो तो वरखर्चात. उन्हाचा कंटाळा आला म्हणून टॅक्सी, रांग टाळायला दुप्पट दराचं तिकीट, दमल्यावर समोर दिसेल तिथे जेवण. यातलं काहीच गैर नाही, पण या खर्चाला मर्यादा घातलेली नसते. ती घरून निघण्याआधी घालायची.

आधी वजाबाकी

सहलीला किती लागतील हे नंतर बघू. परत आल्यावर त्या महिन्याचं भाडं, हप्ते, फी भागवून किती पैसे मोकळे राहतात, तेवढीच सहलीची रक्कम. ती 100 धरू. प्रवास, मुक्काम, विमा आणि आगाऊ काढलेली तिकिटं यांचे समजा 55 गेले. आणखी 10 गंगाजळी म्हणून बाजूला ठेवा. आजारपण, चुकलेली गाडी, हरवलेली बॅग यांसाठीच. खरेदीसाठी नाही. उरले 35. मुक्काम सात दिवसांचा असेल तर रोजचे 5.

ते 55 ठरवताना एक सावधगिरी बाळगा. स्वस्त विमान तिकिटात बऱ्याचदा सामान, जागेची निवड, कधी कधी तर विमानतळावरचं चेक-इनही धरलेलं नसतं. अनेक शहरांत हॉटेलच्या भाड्यावर पर्यटक कर वेगळा द्यावा लागतो. विमान मध्यरात्री उतरत असेल आणि तेव्हा बस-मेट्रो बंद असतील, तर तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. दोन पर्यायांची तुलना करायची ती हे सगळं मिळवून.

रोज रात्री पाच मिनिटं

फोनमध्ये प्रत्येक खर्च लगेच टिपून ठेवा. वर्गवारी, रंगीत तक्ते यांची काही गरज नाही. रक्कम आणि एक शब्द पुरे. खरं काम रात्रीचं. पहिल्या दिवशी 5 ऐवजी 8 गेले, तर उरलेल्या 27 ला सहा दिवसांनी भागा. उद्यापासून रोजचे साडेचार. हा नवा आकडा झोपण्याआधी कळला की दुसऱ्या दिवशी एखादी टॅक्सी आपोआप टळते. हिशेब शेवटच्या दोन दिवसांवर ढकलला तर मात्र कापायला काही उरलेलंच नसतं.

रोजचा आकडा सरासरी आहे, शिस्तीचा बडगा नव्हे. ज्या एका गोष्टीसाठी इतक्या लांब आलात, तिच्यावर हात आखडता घेऊ नका. तिचा मोठा खर्च ठरलेल्या खर्चांत आधीच धरून टाका आणि एखादा दिवस नुसता पायी भटकण्याचा ठेवा. बऱ्याच संग्रहालयांत ठरावीक दिवशी किंवा वेळेला प्रवेश मोफत असतो, तेही पाहून ठेवा.

परदेशात कार्ड वापरताना

कार्ड मशीन किंवा एटीएम कधी कधी विचारतं, पैसे तुमच्या देशाच्या चलनात द्यायचे की इथल्या? नेहमी इथल्या चलनात द्या. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर मशीनमागची कंपनी ठरवते आणि त्यात तिचा नफा मिसळलेला असतो. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात.

एटीएममधून सारखे थोडे थोडे पैसे काढले तर दर वेळी शुल्क पडू शकतं. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांचे एकदम काढा. क्रेडिट कार्डावर रोख रक्कम शक्यतो काढूच नका. खरेदीवर मिळते तशी बिनव्याजी मुदत तिथे बहुतेक मिळत नाही, व्याज त्याच दिवसापासून लागतं. चलन बदलून देणाऱ्या दुकानात 'कमिशन नाही' अशी पाटी दिसली तर तिथला खरेदीचा आणि विक्रीचा दर शेजारीशेजारी ठेवून पाहा. कमाई त्या फरकात असते.

हॉटेल अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतं. डेबिट कार्ड दिलं तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि खोली सोडल्यावरही मोकळे व्हायला काही दिवस जाऊ शकतात. चालत असेल तर इथे क्रेडिट कार्ड द्या.

चारचौघांत असाल तर

रोजचा आकडा निघण्याआधी सगळ्यांसमोर बोलून घ्या. संकोच वाटतो, पण उपाहारगृहाच्या दारात उभं राहून हे बोलणं त्याहून अवघड. सामाईक खर्चासाठी प्रत्येकाने सारखी रक्कम एकाकडे द्यावी. ऐच्छिक गोष्टी ज्याच्या त्याच्या खिशातून.

घरी परतल्यावर कार्डाचं स्टेटमेंट एकदा तपासा. अडवलेली अनामत सुटली का, एखादी रक्कम दोनदा गेली का ते पाहा आणि चूक दिसली तर लगेच बँकेला कळवा. प्रत्यक्षात रोजचे किती पडले, तो आकडाही लिहून ठेवा. पुढच्या वेळी अंदाज तिथूनच सुरू करता येईल.