सेर्नुस्कींच्या हवेलीत जाण्याआधी

पॅरिसचं सेर्नुस्की हे आशियाई कलेचं संग्रहालय बघायचं ठरलं की आधी वार बघा, कारण सोमवारी ते बंद असतं. कायमस्वरूपी संग्रह विनामूल्य आहे. खास प्रदर्शन भरलं असेल तर त्याचं तिकीट वेगळं. मेट्रोने मोंसो किंवा विलिए स्टेशनवर उतरायचं आणि थोडं चालायचं. मोठी सॅक मुक्कामीच ठेवा. फोनचा फ्लॅश दारातच बंद करा.

गृहपाठ मात्र टाळू नका, कारण आपण एका माणसाच्या घरी जातोय. आंरी सेर्नुस्की मूळचे मिलानचे. ऑस्ट्रियाच्या सत्तेविरुद्ध १८४८ च्या उठावात लढले, पुढे फ्रान्सच्या आश्रयाला आले आणि बँकिंगमध्ये गडगंज झाले. १८७१ मध्ये पॅरिस कम्यून हे शहरातलं बंड चिरडताना झालेल्या रक्तपातानंतर ते कलासमीक्षक तेओदोर द्युरे यांच्यासोबत जपान-चीनकडे निघाले आणि हजारो वस्तू घेऊन परतले. त्या मांडायला मोंसो बागेला लागून त्यांनी ही हवेली बांधली. १८९६ मध्ये ते गेले, घर आणि संग्रह पॅरिस शहराला देऊन. १८९८ मध्ये संग्रहालय उघडलं. एवढं माहीत असलं की मोठ्या दालनातला अमिदा बुद्ध वेगळाच दिसतो. अमिदा हे अमिताभ बुद्धाचं जपानी नाव. तोक्योच्या मेगुरो भागातून आलेली ही ब्राँझची मूर्ती चार मीटरहून उंच आहे. तिच्यासमोर निदान दहा मिनिटं राखून ठेवा. आधी जवळ जा, मग मागे सरका.

चिनी राजवटींचा क्रम एका कागदावर लिहून घ्या: शांग, झोऊ, हान, तांग, सोंग. इथलं खरं वैभव प्राचीन चीनचं आहे आणि हा क्रम हाताशी नसेल तर सगळी भांडी एकसारखी वाटू लागतात. कागदावरची आणि रेशमावरची चित्रं उजेडाने खराब होतात म्हणून आलटून पालटून मांडली जातात. एखादं ठरावीक चित्र बघायला जाणार असाल तर आधी चौकशी करा.

वही आणि पेन्सिल हवीच. ती 'वाघिणी'साठी. शांग काळातलं, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं हे ब्राँझचं मद्यपात्र. याची जोडीदार क्योतोत आहे. वाघिणीने जबडा उघडलाय आणि एक माणूस तिला बिलगलाय. ती त्याला खातेय की जपतेय, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शेजारचा मजकूर वाचण्याआधी तुम्हाला काय वाटलं ते लिहून ठेवा.