ग्राफ काढायला शिका, पण आधी यंत्राच्या वरच्या ओळीतलं अक्षर वाचा

पैशांचं आधी बोलते. ग्राफिंग कॅल्क्युलेटर विकत घेऊ नका. यूट्यूबवर कॅल्क्युलस शोधलं की अमेरिकन कॉलेजांचे व्हिडिओ समोर येतात, प्रत्येकाच्या हातात टीआय-८४ हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर असतो, आणि आपल्यालाही वाटायला लागतं की याच्यावाचूनच आपलं गणित अडलंय. अडलेलं नाही. त्या यंत्रात प्रोग्राम भरता येतो, आणि व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) परीक्षेला प्रोग्रॅमेबल यंत्र चालत नाही. विद्यापीठाचं मुख्यालय इथे मच्छे गावात असलं म्हणून बेळगावच्या पोरांना सवलत मिळते असंही नाही. घरच्यांचे पैसे वाचवा. एक कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस प्लस हा साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि फोनमध्ये जिओजेब्रा किंवा डेसमॉस हे ग्राफ काढणारं ॲप, एवढ्यावर भागतं. दोन्ही ॲप फुकट आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही चालतात. खानापूरच्या पुढे जंगलात रेंज जाते तिथेही मी बसमध्ये ग्राफ काढत बसायचे.

ॲप शिकायला फार काही नाही. समीकरण लिहायचं, चित्र येतं. चित्र आलं नाही तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते खिडकीबाहेर असतं. 'एक्सचा वर्ग अधिक ५०' लिहिलंत आणि पडद्यावर उभा अक्ष उणे दहा ते दहा एवढाच असेल, तर काय दिसणार? दोन बोटांनी पडदा लहान करा. कंसांची सवय लावा, 'एक भागिले दोन एक्स' हे कंसाशिवाय लिहून वर यंत्राला दोष देऊ नका. झालं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. डिग्री आणि रेडियन.

'हे माहीत आहे' म्हणून पुढे सरकू नका. मलाही माहीत होतं. १८० अंश म्हणजे पाय रेडियन, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण मराठी माध्यमात दहावीपर्यंत आपली सगळी त्रिकोणमिती अंशांत झालेली असते. नवं कॅसिओ खोक्यातून काढलं की तेही अंशांतच सुरू होतं. त्यामुळे दोघांचं छान जमतं. बिघडतं ते पुढे, इंजिनिअरिंगच्या गणितात न्यूमेरिकल मेथड्स, म्हणजे फेरीफेरीने उत्तराच्या जवळ जाणाऱ्या पद्धती, आल्या की.

नेहमी विचारलं जाणारं एक उदाहरण घ्या: तीन एक्स बरोबर कॉस एक्स अधिक एक. न्यूटन-रॅफसन या अशाच एका पद्धतीने मूळ (समीकरणात बसणारी एक्सची किंमत) काढा, सुरुवात ०.६ पासून. यंत्र डिग्री मोडमध्ये आहे. पहिल्या फेरीत येतं ०.६६६४. दुसऱ्या फेरीत ०.६६६६. तिसऱ्या फेरीतही ०.६६६६. उत्तर स्थिर झालं, खाली दोन रेघा मारल्या, पुढचा प्रश्न. खरं मूळ आहे ०.६०७१.

चुकीच्या मोडमध्ये उत्तर निघालंच नसतं तर आपण शोधाशोध केली असती. इथे ते निघतं, सुबक निघतं, शून्य आणि एकच्या मधेच निघतं. डावी बाजू वजा उजवी बाजू यांचं चिन्ह उण्याचं अधिक कुठे होतं ते तपासलंत तरी पकडलं जात नाही, कारण दोन्ही मोडमध्ये चिन्ह ०.६ आणि ०.७ च्या मधेच बदलतं. मी पायऱ्या तपासल्या, डेरिव्हेटिव्ह तपासला, सूत्र परत लिहून पाहिलं. सगळं बरोबर होतं. शेवटी हॉस्टेलची गोकाकची रूममेट माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "मोदलु मोड नोडे." आधी मोड बघ. वरच्या ओळीत बारीकसा 'डी' होता, डिग्रीचा.

असं का होतं ते नीट बघा, नुसतं 'रेडियन ठेवायचं' असं पाठ करू नका. अशा समीकरणात अंशाचं चिन्ह नसलेला एक्स रेडियनमध्येच असतो, पण डिग्रीत असलेलं यंत्र ०.६ म्हणजे ०.६ अंश धरतं. एवढ्याशा कोनाचा कॉस जवळजवळ एकच. मग समीकरण उरतं तीन एक्स बरोबर दोन. म्हणजे सातवीच्या पोराने तोंडी सोडवलं असतं ते गणित आपण न्यूटनच्या पद्धतीने, चार दशांश स्थळांपर्यंत सोडवलेलं असतं!

फोनवरच्या ग्राफचा खरा फायदा इथे आहे. डेसमॉसमध्ये तीन एक्स आणि कॉस एक्स अधिक एक असे दोन ग्राफ काढा. कॉसची रेघ दोनच्या उंचीवरून वाकत खाली येते. आता पान्याच्या चिन्हात जाऊन डिग्री निवडा. वाकलेली रेघ सपाट होते, दोनच्या उंचीवर आडवी. मुद्दाम एकदा करून बघा, डोळ्यांना कळलं की राहतं. जिओजेब्रात अंशाचं चिन्ह दिलं नाहीत तर ते रेडियनच धरतं, त्यामुळे तिथे चूक होत नाही, पण कॅसिओशी उत्तर जुळत नाही म्हणून गोंधळ उडतो.

इंटिग्रेशनमध्येही हेच. शून्य ते पाय साइन एक्सचं उत्तर दोन. डिग्रीत बटण दाबलंत तर ०.०८६१. ग्राफवर एक उंच आणि तीनहून जास्त रुंद असा डोंगर दिसतोय, त्याचं क्षेत्रफळ ०.०९ सुद्धा नाही? चित्र समोर असेल तर हात आपोआप थांबतो.

मग कायम रेडियनमध्येच ठेवायचं का? नाही ना. मेकॅनिक्सच्या पेपरात ३० अंशांच्या उतारावर बल येतं, तिथे रेडियनमध्ये साइन ३० काढलंत तर उणे ०.९८८ येतं. हे निदान उणे येतं म्हणून सापडतं. बदलायची बटणं: शिफ्ट, मोड, मग अंशांसाठी ३ आणि रेडियनसाठी ४. आणि एक लक्षात ठेवा, परीक्षेआधी कुणी सांगितलं म्हणून शिफ्ट, ९, ३ करून सगळं साफ केलंत की यंत्र पुन्हा डिग्रीत जातं. मैत्रिणीचं यंत्र मागून नेलंत तर तिचा मोडही तुमच्यासोबत येतो. साइन पाय दाबा: शून्य आलं तर रेडियन, ०.०५४८ आलं तर डिग्री.

बटणांच्या ट्रिका शिकवणारे क्लास आणि व्हिडिओ भरपूर आहेत. माझं मत विचाराल तर सॉल्व्ह हे बटण पहिलं वर्ष विसरून जा. ते उत्तर देतं, पायऱ्या देत नाही, आणि गुण पायऱ्यांना असतात. जो सर 'हे दाबा, मग ते दाबा' एवढंच सांगतो, त्याला एकदा 'का' विचारून बघा. चिडला तर दुसरा सर शोधा. वर्गातल्या हुशार कन्नड पोरांना विचारायला लाजू नका, आपलं कन्नड मोडकं आणि त्यांचं मराठी मोडकं, तरी गणित कळतं. माझं तरी असंच सुटलं.

परीक्षेत फोन नसतो, तेव्हा ९९१ मधला टेबल मोड वापरा: मोड, ७, फलन लिहा, सुरुवात, शेवट, टप्पा. तीस ओळींपर्यंतच देतो, पण शून्य ते एक ०.१ च्या टप्प्याने अकराच ओळी लागतात. त्या किमती उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर ठिपक्यांनी मांडा. ओबडधोबड चालतं.

पीयूसीवाल्यांनी (अकरावी-बारावीवाल्यांनी) यातलं काहीच हॉलमध्ये न्यायचं नाही, सीईटी आणि जेईई दोन्हीकडे कॅल्क्युलेटर बंद. तुम्ही घरी फोनवर साइन, कॉस, टॅन, लॉग यांचे आकार बघा, आकड्यांच्या जागी दुसरे आकडे घालून रेघ कशी सरकते ते बघा. टॅनच्या ग्राफमध्ये मधेच उभी रेघ दिसली तर ती ग्राफचा भाग नाही, ॲपने दोन ठिपके जोडलेत एवढंच.